उलटं चाक आणि रंगुबाईची टाच

पिंपळखुटीच्या शाळेच्या पटांगणात सकाळपासून ही रांग. रांगेच्या पुढच्या टोकाकडून येणारा प्रत्येक गडी शर्टाचा खिसा शिवून घेऊन येत होता. मोबाईल हातात, तंबाखूची पुडी टोपीत आणि चेहऱ्यावर मोठ्या संकटातून सुटल्याचं समाधान.

दया साळवे बाई हे सगळं पाहत उभ्या होत्या. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना जुन्या मशीनचं वेड. भंगारातून गंजलेलं पायमशीन आणायचं, रॉकेलमध्ये भिजवायचं आणि पुन्हा चालतं करायचं. नगरच्या त्यांच्या घरात चौदा मशीन होती, आणि त्यांचे यजमान याकोब जेवायलासुद्धा मशीनच्याच फळीवर बसत. पाथर्डीकडच्या एका खेड्यात दैवी मशीन प्रकटलंय, असं कळताच बाई एसटीत बसल्या. दर्शनाला नव्हे, मशीन बघायला.

मशीन खरोखर देखणं होतं. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, निदान शंभर वर्षांचं. शेजारी भगवी लुंगी नेसलेले टाकेमहाराज.

"विज्ञान जिथं दमतं, तिथं माझं मशीन सुरू होतं," महाराज म्हणाले. "हात जोडा. पायडल दाबा. अंगावर करणी असेल तर चाक उलटं फिरेल आणि दोरा तुटेल."

प्रत्येकाच्या आधी महाराज चाकावर तळवा ठेवून आशीर्वाद देत. माणूस पायडल दाबी. चाक उलटं फिरे, दोऱ्याचा गुंता होई आणि तटकन तुटे. मग महाराज सांगत की करणी खिशात बसलीय. खिसा त्यांच्या पेटीत रिकामा करायचा आणि शिवून घ्यायचा. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या होत्या, मुकादमानं दिलेली आगाऊ उचल नुकतीच लोकांच्या खिशात पडली होती. करणीनं मुहूर्त बरा साधला होता.

सरपंचांना करणी निघाली. दोन्ही गुरुजींना निघाली. पोलीस पाटील हनुमंतालाही निघाली. एवढ्या गावावर करणी करायला माणूस कुठून आणला असेल, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

तेवढ्यात रंगुबाईची पाळी आली. चाळीस वर्षं गावाच्या चोळ्या-परकर शिवणारी ही एकटी बाई. तिनं हात जोडले, पायडलवर पाय ठेवला, आणि मशीन खडखडत सरळ धावलं. कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाक्यांची सुरेख ओळ.

महाराज क्षणभर चपापले, पण धंद्यात मुरलेले होते. "जिला करणी बाधत नाही," ते सावकाश म्हणाले, "तिनंच ती केलेली असते."

गर्दी मागे सरली. "हिला गावात ठिवायची न्हाई," कुणीतरी म्हणालं. "हिचं मशीन हिरीत टाका." सरपंचांनी तिथल्या तिथं मत घेतलं. एकेक करत सगळे हात वर गेले. रंगुबाई त्या हातांकडे बघत राहिली. तिचा पाय अजून पायडलवरच होता.

दयाबाईंचं डोकं तापलं. त्या पुढे झाल्या आणि महाराज ठेवत तिथंच चाक आणून थांबवलं.

"हनुमंतराव, या पुन्हा बसा. आधी चवडा दाबला होतात ना? आता टाच दाबा, मग चवडा. थांबू नका."

हनुमंतानं भीत भीत टाच दाबली. चाक सरळ फिरलं. चार बोटं शिवण पडली, दोरा शाबूत.

गर्दी आता हनुमंतापासून मागे सरली. "म्हंजी करणी ह्यानं केली व्हय?"

"ह्यास्नी चहा करता येत न्हाई," हनुमंताची बायको बनुबाई म्हणाली. "करणी कुठनं येनार?"

"महाराज, आता तुम्ही बसा," दयाबाई म्हणाल्या. "चाकाला आशीर्वाद मी देते."

महाराज दैवी कोपाचं बोलू लागले, पण चार गड्यांनी त्यांना भक्तिभावानंच बसवलं आणि हात जोडून दिले. बाईंनी चाक महाराजांसारखंच नेमक्या जागी थांबवलं. महाराजांनी पाय दाबला. चाक उलटं. दोरा तटकन.

"अरारा," मागून एक म्हातारा कळवळला. "म्हाराजालाच करणी. लवकर खिसा शिवा त्यांचा."

दोघं सुई-दोरा शोधायला निघालेसुद्धा. दयाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, करणी नाही! चाक कुठं थांबलंय आणि पाय कुठं दाबला, यावर ते सुलटं फिरायचं की उलटं हे ठरतं. हा माणूस आशीर्वादाच्या नावानं चाक आडनिड्या जागी थांबवतो. उलटं फिरलं की दोरा तुटणारच, माझ्या वर्गातल्या पोरी पहिल्या दिवशी डझनभर तोडायच्या. रंगुबाईंना पायाखाली चाक कळतं, म्हणून त्यांनी टाच दाबली. चाळीस वर्षांचं कसब आहे ते, आणि तुम्ही त्याच्यासाठी त्यांना हाकलताय?"

मग एकानं टाचेनं करून पाहिलं, मग दुसऱ्यानं. तासाभरात शाळेतली पोरंसुद्धा चाक हवं तसं फिरवू लागली. हनुमंतानं पोलीस ठाण्याला फोन लावला आणि रंगुबाईसमोर येऊन उभा राहिला.

"आत्या, चुकलं आमचं."

"मशीनचं तुला ठावं नसंल हनुमंता," रंगुबाई म्हणाली. "पर मी तर ठावं हुते ना? तुज्या लेकीच्या लग्नातल्या चोळ्या मी शिवल्या. एकानं तरी म्हनायचं हुतं, ही असं करायची न्हाई."

टाकेमहाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, ते ठीकच झालं. पण रंगुबाईविरुद्ध वर गेलेल्या त्या हातांना कुठलंच कलम लागत नाही. त्यांना आवरायचं तर ज्याचं त्यानंच आवरायला हवं. दोरा तुटला तर तो का तुटला, एवढं आधी विचारा. कुणी तोडला हे विचारायची वेळ बहुतेक येतच नाही.