गार पाणी

माझे पाय दुपारी माझ्याआधी झोपतात आणि स्वप्नात माझ्यावाचून हिंडतात. आजही भिसेगावातून खोपोलीला रिक्षाने येताना ते कुठल्याशा भाताच्या चिखलात चालत होते, मी मागून हाका मारत होते. शहाणे वळून बघतील तर शपथ!

जाग आली तेव्हा हर्षद, माझा नवरा, पुन्हा तेच सांगत होता. माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसवर, म्हणजे पाय बधिर करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारावर, एका दवाखान्यात मानेच्या शिरांत फुगा घालून त्या रुंद करतात. सोमवारी आपली पाळी. आमच्या मेंदूच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. चाचण्यांत उपयोग दिसलेला नाही. उलट रक्ताची गाठ होऊ शकते, कधी शिरेत जाळी बसवतात तीही हृदयाकडे सरकू शकते. हर्षदने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

"सुंदराताई चालायला लागल्यात. तूच बघ."

सुंदराताईंना माझाच आजार. त्यांनी गेल्या वर्षी शिरा उघडून घेतल्या. रिक्षा त्यांच्या घरापाशी थांबली तेव्हा नवऱ्याचा, वाल्मिकभाऊंचा, हात धरून त्या दारात हसत उभ्या होत्या. हर्षदचा चेहरा असा उजळला की मला गलबलून आलं.

घरामागे पाताळगंगा. पॉवरहाऊसने पाणी सोडलेलं, त्यामुळे भर उन्हात नदी चढत होती. पुरुषांनी आम्हाला धरून नदीच्या पायरीवर बसवलं आणि ते वर आंब्याखाली गप्पा मारत राहिले. पाणी घोट्यांवर आलं. खाली आमचे चार पाय दुसऱ्याच कुणा बायकांचे असल्यासारखे डुलत होते.

"लागतंय का गं पाणी?" सुंदराताईंनी हळूच विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"नाय. थोडं दिवस हलकं वाटलं, मंग मानेत गाठ झाली रक्ताची. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या, कुटं खरचटलं तरी धडकी भरते. पाय व्हते तसेच."

"मग बरं वाटतं असं का सांगता?"

"त्यांनी लई जीव टाकला गं माज्यासाठी. त्यांचं तोंड पडलेलं बघवत नाय."

"पाणी कसं हाय गं?" वरून वाल्मिकभाऊंनी विचारलं.

"लई गार!" त्या खळखळून हसल्या.

हर्षद घाईने पायऱ्या उतरून आला. "आणि तुला? गार लागतंय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्याचे डोळे बघून तर फारच.

"मला काहीच लागत नाही, हर्षद," मी म्हणाले. "आणि सोमवारी मी येणार नाही."

तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. वरून वाल्मिकभाऊंनी पुन्हा विचारलं, "सुंदरा, खरंच गार हाय ना गं?"

या खेपेला सुंदराताई काही बोलल्या नाहीत.