महाराणीच्या हाती महिन्याचा खर्च

घरात तिला सगळे महाराणी म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. या अठरा वर्षांच्या बाईसाहेबांच्या हाती पैसा म्हणजे चाळणीतलं पाणी. आता हिला दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकायचं होतं, वसतिगृहात राहायचं होतं. आईने साफ सांगितलं, "या महिन्याचं घर तू चालव. तीस तारखेला हातात काही उरलं, तर जा. नाहीतर इथलंच कॉलेज."

महाराणीची पाचावर धारण बसली. मदतीला धावली आत्या. आत्याने तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली. तिने आपली जुनी चामडी बॅग पुढ्यात आदळली. "हे बघ, कप्पे. भाडं इथे, वीज इथे, किराणा इथे, दूध-भाजी इथे, आणि हा तुझा स्वतःचा. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात गेला की घोटाळा झालाच म्हणून समज."

महाराणीने हे इतकं मनावर घेतलं की घरच्यांना पळता भुई थोडी झाली. माणूस खोलीतून निघायच्या आधीच दिवा विझू लागला. भाजीवाला तिला लांबून पाहूनच भाव उतरवायचा. "नव्याचे नऊ दिवस," आई म्हणाली. पण दहावा दिवस उजाडला तरी बॅग हिच्या काखेतच.

बाराव्या दिवशी बाबांच्या चष्म्यावर बाबाच बसले. बाबा शिंपी. "नवा घ्यावा लागेल गं," ते म्हणाले. महाराणीने बॅग उघडून सगळे कप्पे पाहिले. "बाबा, चष्म्याचा कप्पाच नाहीये. एक तारखेपर्यंत थांबा ना."

बाबा म्हणजे गरीब गाय. थांबले. आणि दोनच दिवसांत त्यांनी बँडमास्तरांच्या महागड्या पँटचे दोन्ही पाय डावेच कापले. बँडमास्तर ते पाहून म्हणाले, "मास्तर, मी आता आयुष्यभर डावीकडेच वळू का?"

कापडाची भरपाई चष्म्याच्या दुप्पट. वाचवायला गेली आणि बुडवून बसली! पोरगी आत जाऊन ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तडक आत्याकडे गेली. "तुझ्या बॅगेत अडीनडीचा कप्पा कुठला?"

आत्याने जीभ चावली. "अगं, ते पैसे माझ्या शर्टाच्या खिशात असायचे. सांगायचंच राहिलं बघ."

त्याच संध्याकाळी महाराणीने आपला स्वतःचा कप्पा रिकामा केला. त्यात मैत्रिणींबरोबरच्या सहलीचे पैसे होते. किराणा-भाजीत वाचवलेलं होतं, तेही काढलं. कापड आलं, चष्माही आला. सहल बुडाल्याचं तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण बाबांनी चष्मा चढवला, सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि लहान मुलासारखे हसले, तेव्हा तिलाही हसू आवरेना.

तीस तारखेला तिने आईपुढे बॅग उलटी केली. आतून एक बटण पडलं. "काही उरलं नाही, आई. हरले मी. पण कुठे काय गेलं, ते सगळं सांगते." आणि सांगताना ती एकदाही अडखळली नाही. पुढच्या वेळी आधी अडीनडीचे बाजूला काढीन, मग बाकीचे कप्पे, हेही तिने न विचारता सांगितलं.

आई उठली, कपाटातून वसतिगृहाचा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. खाली आईची सही होती. तारीख चौदा.

"चौदा? म्हणजे चष्मा आणला त्या दिवशीच?"

"त्याच रात्री."

महाराणीने आईला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या. मग ती एकदम मागे सरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग पुढचे सोळा दिवस मला त्या भाजीवाल्याशी का भांडायला लावलंस?"

"अगं," आई ऐसपैस पाय पसरत म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा मला सुट्टी मिळाली होती. ती मी अशी अर्ध्यावर सोडते होय?"