'नको'चं बटण

पक्षाघाताच्या झटक्यात आईची वाचा गेली, तेव्हा मी तिला एक वेबपान करून दिलं. ब्राउझरमध्ये उघडणारं, तिच्या टॅबलेटच्या, म्हणजे टॅबच्या पडद्यावर मावणारं. त्यावर तळहाताएवढी सहा बटणं: पाणी, दुखतंय, दिवा, ताईला बोलव, हो, नको. बोट लावलं की टॅब तो शब्द मोठ्याने बोलणार. आईचा डावा हातच तेवढा कामाचा उरला होता, पण डोकं शाबूत होतं. 'नको' तर तिला इतकं आवडलं की पहिल्या दिवशी तिने ते उगाचच चारदा दाबलं आणि वाकड्या तोंडाने हसली.

आईजवळ ताई राहते, मी दुसऱ्या गावात. आम्ही दोघंही अशी वेबपानं बनवायचंच काम करतो. खरं तर मला हे ताईनेच शिकवलं. माझं पहिलं बटण तिच्या लॅपटॉपवर दाबलं गेलं. "वापरणाऱ्याला कधी फसवायचं नाही. बटण दिसतंय तर ते चाललंच पाहिजे," हेही तिचंच वाक्य.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आईला देखभाल केंद्रात ठेवायचं तिच्या मनात होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन आईला विचारून गेल्या होत्या.

"आई काय म्हणाली?"

"काहीच नाही. नुसतं बोट आपटत होती. तुझं बटण बिघडलंय बहुतेक."

माझ्या पानाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मी तिथल्या तिथे लॅपटॉपवर पान उघडून 'नको' दाबलं. खणखणीत बोललं. मग आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य मी तिच्या तोंडावर फेकलं, "माझ्याकडे तर चालतंय." वर व्हिडिओवर आईलाही चार धडे दिले, बोट कसं लावायचं त्याचे. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं मनातून जाईना. डॉक्टरीणबाई पक्कं करायला येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी मी घरी गेलो आणि टॅब हातात घेतला. 'पाणी' बोललं, 'हो' बोललं, 'नको' मात्र मुकं. टॅब लॅपटॉपला जोडून मी पानाची आतली मांडणी उघडली. 'नको'वर एक पारदर्शक चौकोन अंथरला होता. तो दिसत नाही, काही करत नाही. बोट त्याच्यावरच पडतं, खालच्या बटणापर्यंत पोचतच नाही. मुळात ते माझं पान नव्हतंच. त्याची वेगळी प्रत करून टॅबवर ठेवली होती. असं आपोआप होत नाही, आणि त्या घरात हे जमणारं एकच माणूस होतं.

ताई भांडी विसळत होती.

"'नको' तू झाकलंस?"

तिने नळ बंद केला. "हो."

"केसाने गळा कापलास तिचा. आणि वर मला सांगतेस, बटण बिघडलंय."

"गोळ्या नको, अंघोळ नको, कूस बदलायलाही नको. दिवसभर ते पान ओरडायचं आणि मी ओरडायचे. पाठीला जखमा व्हायला लागल्या तिच्या. म्हणून झाकलं, अंघोळीपुरतं. मग काढायचं राहून गेलं."

"डॉक्टर विचारत होत्या, तेव्हाही राहून गेलं?"

तिने हातातलं ताट पालथं घातलं. "नाही. तेव्हा मी ठेवलं."

मला तिचा भयंकर राग आला. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

"दुरून डोंगर साजरे, छोट्या," ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला.

मी तो चौकोन काढून टाकला आणि न जेवता झोपलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईशेजारी बसून विचारलं, "आजी, आमच्याकडे यायचं का राहायला?"

"नको," टॅब बोलला. "नको. नको." आईचा चेहरा उजळला. मी ताईकडे बघितलं, आणि कबूल करतो, मला बरं वाटलं.

"ठीक आहे. त्यांची मर्जी नसेल तर आम्ही नेत नाही," बाई म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण मग इथे कोण बघणार? ताईंना मी गेल्या वेळीच सांगितलंय, या कमरेने त्यांनी आता कुणालाही उचलायचं नाही."

ताईची कंबर. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ताई खाली बघत होती. आई माझ्याकडे बघत होती, मान जेवढी वळेल तेवढी वळवून.

"मी... ऑफिसात विचारावं लागेल," मी म्हणालो. "बघतो काहीतरी."

आई थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग तिने मान बाईंकडे वळवली आणि तिचं बोट 'नको'वरून हळूहळू सरकलं.

"हो," पान बोललं. अगदी स्पष्ट, पहिल्याच दाबाला.