बाकी काही नाही

"घे. तुझ्या किड्याला नवं घर," म्हणत नवऱ्याने एक छोटा खोका तिच्या टेबलावर ठेवला.

आत काडेपेटीएवढं साउंड कार्ड होतं. एका टोकाला यूएसबीची वायर, दुसऱ्या टोकाला दोन भोकं. एक आवाज आत घ्यायला, एक बाहेर सोडायला.

"दुकानदार म्हणाला, संगणकाच्या पोटातलं कार्ड म्हणजे स्वयंपाकघरात अंथरूण टाकल्यासारखं. भांड्यांचा आवाज येणारच. हे आपलं बाहेरच्या खोलीत झोपतं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

माहीत होतंच. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि कीटकांचे आवाज हा तिचा खास विषय होता. नवरा दातांचा डॉक्टर. तिच्या नव्या किड्याचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो म्हणाला होता, "हा किडा नाही, ड्रिल आहे. अगं, किड्यांत माझी हयात गेली." ती हसली नव्हती. "तू दातांतले बघ," म्हणून तिने दार लोटून घेतलं होतं.

किडा तिला तिच्या कॉलेजातल्या जुन्या सरांच्या कॅसेटींमध्ये सापडला होता. सरांनी तरुणपणी एका तळ्याकाठी वर्षभर बसून रातकिड्यांचे आवाज टिपले होते. त्यावरून केलेली त्यांची यादी आजही या विषयातले सगळे वापरतात. कॅसेटी आता जुन्या झाल्या होत्या, फीत झिजत होती, म्हणून ती टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून एकेक कॅसेट उतरवून घेत होती. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला सरांचा कोवळा आवाज येई. तळं, कुठला काठ, वारा आहे की नाही, हवा किती गार. शेवटी ऐकलेल्या जाती आणि मग ठरलेलं वाक्य, "बाकी काही नाही."

पण बाकी काही होतं. खूप वरच्या पट्टीत, केसासारखं बारीक, ठरावीक अंतराने येणारं चिर्र. सरांच्या यादीत नसलेलं. आणि ते प्रत्येक कॅसेटवर होतं, थंडीतल्यासुद्धा, जेव्हा बाकीचे किडे गप्प असतात. हवा गार झाली की रातकिड्यांची लय मंदावते. याची मंदावत नव्हती. हेच त्याचं वैशिष्ट्य, असं तिने ठरवून टाकलं.

ती सरांकडे धावत गेली होती. "सर, एक तुमच्याकडून सुटलाय!"

सरांनी हेडफोन लावला. इतक्या वरचे स्वर त्यांच्या कानांना आता लागत नव्हते. मग तिने पडद्यावर आवाजाचं चित्र दाखवलं. खाली नेहमीचे दोन किडे, वर एका रांगेत बारीक उभ्या रेघा. सर बराच वेळ बघत राहिले.

"आहे खरा," ते म्हणाले. "मीच बहिरा होतो म्हणायचं. कानसेन, जिंकलीस तू."

कानसेन हे नाव त्यांनीच ठेवलेलं, ती विद्यार्थिनी असताना. गाता येत नसलं तरी ऐकावं हिनेच, म्हणून.

आज दुपारी कीटक-अभ्यासाच्या संस्थेत कार्यक्रम होता. कॅसेटींच्या प्रती संग्रहात जमा होणार होत्या, सर बोलणार होते आणि किड्याचा आवाज सभागृहात वाजणार होता. तो स्वच्छ वाजावा म्हणून तर हे कार्ड आणलं होतं.

तिने टेपरेकॉर्डरची वायर संगणकाच्या मागच्या भोकातून काढून नव्या कार्डात लावली आणि एक कॅसेट पुन्हा उतरवली. तळं, पश्चिम काठ, वारा नाही. सरांचा आवाज इतका जवळ आला की तिने हेडफोन सारखा केला. पहिला किडा, दुसरा किडा. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, तो पूर्वी कधी ऐकूच आला नव्हता. मग, "बाकी काही नाही."

आणि खरंच नव्हतं. पडद्याच्या वरच्या भागात नुसता काळोख.

तिला पहिल्यांदा वाटलं, कार्डच हलकं आहे, वरचे स्वर खातंय. हेही तिने चटकन ठरवलं. दुसरी कॅसेट लावली. तिसरी लावली. मग तिचे हात थांबले.

तिने जुन्या भोकात नुसती मोकळी वायर खोचली. दुसऱ्या टोकाला टेप नाही, तळं नाही, काही नाही. रेकॉर्डचं बटण दाबलं.

चिर्र. चिर्र. चिर्र.

आवाज साठवताना संगणक डिस्कवर थोडं थोडं लिहीत होता आणि दर वेळी त्याच्या पोटातून तेवढा आवाज गळत होता. माऊस हलवला की रेघा वाकड्या होत होत्या. ही चाचणी करायला चहा गाळण्याएवढाही वेळ लागला नव्हता. रिकामी चाचणी. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती सगळ्यात आधी हीच शिकवायची आणि विसरणाऱ्याला वर्गात उभं करायची.

तेवढ्यात फोन वाजला. सर होते.

"कानसेन, भाषण झालं लिहून. शेवट ऐक. 'ज्या माणसाला एक आवाज वर्षभर ऐकू आला नाही, त्याच्या यादीवर कुणी विसंबू नये. मी ती मागे घेतो.' बरं आहे ना?"

"सर, यादी मागे? एवढं कशाला..."

"शास्त्रात एवढं-तेवढं नसतं. एक सुटला, तर आणखी किती सुटले असतील? तूच दाखवलंस म्हणून, नाहीतर मी तसाच मिरवत राहिलो असतो." कागदांची घडी घातल्याचा आवाज आला. "बरं, बाकी काय?"

तिच्या कानात अजून हेडफोनचा एक बोळा होता. त्यात तो आवाज चालूच होता.

"बाकी काही नाही, सर," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. कार्ड खोक्यात परत घालता येत होतं. जुनी प्रत वाजवता येत होती. कुणाला कळणार होतं? सरांना तर ऐकूच येत नव्हतं. हा विचार तिने पुरता केला, शेवटपर्यंत, आणि मग तो आपण केला याचीच तिला शिसारी आली.

नवरा तयार होऊन आला. "काय गं, कार्ड बिघडलेलं निघालं?"

तिने हेडफोन त्याच्या हातात दिला. त्याने ऐकलं. "हाच की तुझा किडा. कुठल्या कॅसेटवरचा?"

"कॅसेट लावलेलीच नाही."

त्याने मोकळ्या वायरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने एकही विनोद केला नाही. तेव्हा तिला कळलं, प्रकरण किती वाईट आहे.

ठरल्याप्रमाणे सर आणि काकू त्यांच्याकडेच आले, गाडीतून सगळे बरोबर जाणार होते. काकू दारातूनच सुरू झाल्या. "तुझा तो किडा मला एकदा दाखव बाई, चपलेनेच मारते. झोप उडवली यांची. सकाळी कुकर लावला की मला विचारतात, शिट्टी झाली का गं? माझं बोलणं ऐकू येत नाही, ते सोडून सगळ्याची काळजी."

"तुझं ऐकू येतं, म्हणून तर डॉक्टर म्हणतात कान शाबूत आहेत," सर म्हणाले. भाषणाचे कागद त्यांच्या खिशातून डोकावत होते.

"सर, आधी जरा आत येता का?" ती म्हणाली.

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "सर, किडा नाहीये. तो संगणकाचा आवाज आहे." आणि तिने मोकळी वायर त्यांच्या हातात दिली.

सरांनी वायर उलटसुलट करून पाहिली. पडद्यावर रेघा उमटत होत्या. त्यांनी माऊस हलवला, रेघा वाकल्या. सोडला, सरळ झाल्या. पुन्हा हलवला.

"उंदराला घाबरतो हा," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

"रिकामी चाचणी कधी केलीस?"

"आज."

"आज." त्यांनी वायर टेबलावर ठेवली. "थंडीतही ओरडत होता ना?"

"हो. मला वाटलं, तेच त्याचं वैशिष्ट्य."

"मघाशी मी फोन केला तेव्हा माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदर तोंडाशी नेला.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पडद्याकडे बघतच बोलले, "तळ्याकाठी कोण बसलं होतं?"

"तुम्ही."

"मग विचारायचं होतंस. सर, होता का हो असा आवाज? मी नाही म्हटलं असतं. तू सांगायला आलीस. विचारायला नाही." त्यांनी खिशातले कागद काढून तिच्यापुढे ठेवले. "आणि मीही खुळा. माझ्या कानांपेक्षा तुझ्या चित्रावर विश्वास ठेवला."

"सर, आज आधी मी बोलते."

"बोलावंच लागेल," सर म्हणाले.

सभागृहात ती उभी राहिली तेव्हा पुढच्या रांगेत तिचेच विद्यार्थी होते. तिने आधी मोकळ्या वायरचा आवाज वाजवला आणि तो कशाचा ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे डोक्यातला किडा!" आणि हशा पिकला. तो विरेपर्यंत ती थांबली. रिकामी चाचणी केली नव्हती, हे तिने सांगितलं. विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी ओशाळून चटकन खाली पाहिलं, आणि ते तिला हशापेक्षा जड गेलं. मग तिने नव्या कार्डातून उतरवलेली कॅसेट लावली. तळं, पश्चिम काठ. दोन किडे. पाण्यातला तो आवाज. तरुण सर म्हणाले, "बाकी काही नाही." म्हातारे सर कानामागे हात धरून ऐकत होते. त्यांनी एकदा मान डोलावली, तिच्याकडे नाही, स्पीकरकडे. यादी मागे घेतली गेली नाही.

परतताना गाडीत काकूच बोलत होत्या, रस्त्याबद्दल, खड्ड्यांबद्दल. त्यांच्या घरापाशी सर आणि काकू उतरले. तिने पुढे होऊन फाटक उघडलं.

"कार्ड चांगलं आहे," ते म्हणाले. "राहिलेल्या कॅसेटीही त्यावरूनच उतरव."

"हो, सर."

"येतो मग," ते म्हणाले आणि आत गेले. कानसेन म्हणाले नाहीत. ती फाटकाची कडी लावत जरा वेळ तिथेच थांबली, म्हणतील म्हणून.