चार बोटं उंच

जीपची बॉडी चेसिसवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, चार बोटं वर उचलायची, असं प्रभाकर दिघेने ठरवलं, तेव्हा ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीने त्याला वेड्यात काढलं. पॉवर हाउसमधला एवढा मुरलेला फिटर, आणि धडधाकट गाडीचे बोल्ट काढत बसलाय! प्रभाकर बोल्ट काढत राहिला. वर्षभरात तो तसाही कुणाशी फारसा बोलत नव्हता.

जीप लढाईतली. कल्याणच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघाला, तेव्हा घेतलेली आणि दोन वर्षं खपून चालती केलेली. तिला काम एकच, मंदाकिनीला बाळंतपणाला पोचवायचं. मंदाकिनी त्याची बायको, रीतसर शिकलेली सुईण. कोपरच्या पुढे खाजणात ज्या वाड्या होत्या, तिथून बोलावणं आलं की हा हातातलं काम टाकून गाडी काढायचा. वाटेत खाडीचा एक फाटा आडवा येई. ओहोटीला घोटाभर पाणी, भरतीला गुडघ्याच्या वर. जीप दोन्हीतून बिनतक्रार जायची.

गेल्या श्रावणात गेली नाही. पलीकडच्या वाडीत तानाजीची बायको कलावती अडली होती. तानाजी होड्या बांधणारा सुतार, प्रभाकरच्याच वयाचा. त्या दिवशी उधाण होतं. फाट्याच्या मध्यावर पाणी गाडीत शिरलं, तळव्यांना लागलं, घोट्यांवर चढलं. मंदाकिनीची औषधांची पेटी तरंगायला लागली आणि प्रभाकरच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने गाडी मागे घेतली आणि काठावर उभी केली. "अहो, इंजिन चालतंय, चला ना!" मंदाकिनी परत परत म्हणत होती. तो हलला नाही. पाणी उतरायला दीड तास गेला. ते पोचले तेव्हा तानाजीच्या आईने, हौसाबाईने, कसंबसं सोडवलेलं पोर रडत होतं आणि रक्त जाऊन कलावती गार पडली होती.

"इंजिनात पाणी गेलं," प्रभाकर दारातच म्हणाला.

वाडीने ते मानलं. यंत्रच बंद पडलं तर माणूस काय करणार? तानाजीने तर, स्वतःचं आभाळ फाटलेलं असताना, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंदाकिनी तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही नाही. ती चार लोकांत ओरडली असती तरी प्रभाकरला सोसलं असतं. हे सोसत नव्हतं.

यंदा वैशाखात तिने एवढंच सांगितलं, "पलीकडे दोघींना दिवस गेलेत. श्रावणातच भरतील. मी होडीने जाईन, नाहीतर चालत जाईन. तुमच्या गाडीत बसणार नाही."

म्हणून हा खटाटोप. गाडीचा तळ चार बोटं वर गेला की पाणी पायाला लागणार नाही, आणि पाणी पायाला लागलं नाही की आपण थांबणार नाही, असा त्याचा हिशोब. पॉवर हाउसच्या लेथवर त्याने गजाला आटे पाडून लांब बोल्ट बनवले. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये घालायला लाकडी ठोकळे हवे होते. खाऱ्या पाण्यात न कुजणारं लाकूड कोणाकडे असणार? तानाजीकडेच. प्रभाकर आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी गेला.

"गाडीत पानी येऊ नये म्हनून ना?" तानाजीने विचारलं. "मंग बाभूल देतो. होडीच्या फासल्या आमी तिच्याच करतो." आणि रविवारी सकाळी तो ठोकळे डोक्यावर घेऊन स्वतःच चाळीत हजर. "एकट्यानं नाय व्हायचा हा काम, भाऊ. तुमी उचला, मी सरकवतो."

दोघं कामाला लागले. प्रभाकरने स्टिअरिंगचा दांडा जिथे डॅशबोर्डला धरला होता तिथे सैल केला, तारा सोडल्या, पेट्रोलची नळी मोकळी केली. एका बाजूचे जुने बोल्ट काढले, बॉडीखाली फळी लावून जॅक चढवला. गंजलेलं लोखंड कुरकुरत सुटं झालं. तानाजीने एकेक ठोकळा आत सारला, भोकाला भोक जुळवलं. मग दुसरी बाजू. हाताला हात असा मिळाला की घटकाभर प्रभाकर सगळं विसरला. किती दिवसांनी त्याला बरं वाटत होतं! दुपार कलली तेव्हा बॉडी चेसिसवर उंच बसली होती आणि मधल्या फटीतून पलीकडचं अंगण दिसत होतं.

मंदाकिनी चहा घेऊन दारात आली.

तानाजी शेवटचा बोल्ट आवळत होता. त्याने पाना थांबवला, फटीत डोळा लावला, मग बॉनेट उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सुताराची नजर ती. काय हललं आणि काय हललं नाही, हे तिला बरोबर कळतं.

"भाऊ, इंजिन हाय तिथंच हाय की."

"हो. ते चेसिसवर बसलेलं असतं."

"मंग उपयोग काय? त्या दिशी पानी इंजिनात गेलता ना? इंजिन तं कनभर बी वर नाय आला. वर आली नुसती बसाची जागा."

प्रभाकरने बॉनेटखाली पाहिलं. इतके दिवस बोल्ट मोजले, ठोकळे मापले, आणि आपल्या हातांनी आपण काय दुरुस्त करतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याला तो भ्याला होता तेवढंच त्याने दुरुस्त केलं होतं. मोठे टायर घालणार आहे, मग इंजिनही उचललं जाईल, असं म्हणता आलं असतं. तानाजीने मान डोलावली असती. शब्द ओठांवर होते. मंदाकिनी कपबशी धरून तशीच उभी होती, त्याच्याकडे बघत.

"इंजिन बंद पडलं नव्हतं, तानाजी," तो म्हणाला. "पाणी पायाला लागलं आणि मी भ्यालो. गाडी मी थांबवली."

तानाजीने बॉनेट खाली टाकलं.

"चालू व्हतं?"

"चालू होतं. दीड तास काठावर चालूच होतं. मला बंद करायचंही सुचलं नाही."

आता हा पाना उगारेल, असं प्रभाकरला वाटलं. उगारला असता तर त्याने हात आडवा घातला नसता. पण तानाजी खाली वाकला आणि राहिलेला बोल्ट त्याने पुरता आवळला. मग उठून, धोतराला हात पुसून, सरळ चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसला.

"मना शिकव."

"काय?"

"गाडी. श्रावनाला दोन म्हयने हायेत. बाईंना मी नेईन. तू यायचा नाय."

मघाचा 'भाऊ' गेला होता. प्रभाकर गाडीशेजारी गुडघ्यांवर बसला. तो सांगायला लागला, "हा डावीकडचा क्लच. गिअर टाकताना..."

"ते र्‍हाऊ दे. त्या दिशी पाय कोनच्यावर ठेवलास, तो दाव."

प्रभाकरने हात आत घातला. बॉडी वर आल्यामुळे पायाने दाबायचे पायटे आता खाली गेले होते, हात खांद्यापर्यंत आत घालावा लागला. त्याने मधल्या, ब्रेकच्या पायट्यावर हात ठेवला आणि तो ठेवूनच राहिला.

तानाजीने नीट पाहून घेतलं.

"हां," तो म्हणाला. "आता बाकीचे सांग."