स्नायू जागे होताहेत

आमच्या बूट-चपलांच्या दुकानात त्या सँडल आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कंपनीच्या एक मॅडमही आल्या. सँडलचा तळ होडीसारखा, पुढेमागे गोल. त्या घालून नुसतं वावरलं तरी पोटऱ्या घट्ट होतात, मांड्या उतरतात, कंबर ताठ होते आणि वर ढगावर चालल्यासारखा आराम, असं मॅडमनी सांगितलं. "मग स्वयंपाकही ही सँडलच करत असेल," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मालक तर मान डोलावत होते.

आमच्याकडे नियम असा, की जे विकायचं ते विकणारीने पायात घालायचं. मॅडमनी माझ्या धाकट्या जावेला निवडलं. ती तात्पुरती लागलेली, दीर काम सुटून घरी बसलेले. सँडल खपल्या तर तुला कायम करतो, असं मालक म्हणाले आणि जाऊबाई हरखल्या.

थोड्याच दिवसांत ती उजवा पाय जपून टाकू लागली. आता लंगडणारी बाई आरामाच्या सँडल विकणार कशी? म्हणून गिऱ्हाईक असेतो ती ओठ घट्ट आवळून ताठ चालायची आणि ते बाहेर पडलं की काउंटर धरून उभी राहायची.

"अगं, काढ त्या," मी म्हटलं.

"मॅडम म्हणतात, दुखतंय म्हणजे स्नायू जागे होताहेत, ताई."

"आणि तुझी अक्कल कधी जागी होणार?"

ती फुगून बसली. मला तिचा राग आला, मॅडमचा त्याहून जास्त. त्या स्वतः सपाट, मऊ बुटांत मजेत फिरत होत्या. तुम्ही का नाही घालत, असं मी तोंडावर विचारलं.

"माझी पाठ नाजूक आहे ना," त्या म्हणाल्या. लाज नावाला नाही!

त्याच आठवड्यात खोकी उतरवताना जाऊ वळली, तळ डुलला आणि पाय मुरगळला. खोक्यांसकट ती खाली आली. मी तिला बाकावर बसवलं. घोटा बघता बघता सुजला. मी पट्ट्याला हात घालणार, एवढ्यात एक शाळामास्तरीण आत आल्या आणि थेट त्या सँडलपाशी गेल्या. माझा हात झटकून जाऊ उठली, त्यांच्यापर्यंत ताठ चालत गेली.

"दिवसभर वर्गात उभी असते गं मी," त्या म्हणाल्या. "खरं सांग, आराम मिळतो?"

मालक बघत होते, मॅडम बघत होत्या. मी मनात म्हणत होते: सांग गं, एकदाचं खरं सांगून टाक!

"मिळतो ना, बाई. ढगावर चालल्यासारखं वाटतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंना ते दिसलं नाही, त्या सँडलकडे बघत होत्या. जोड घेऊन त्या खुशीत गेल्या.

"उद्यापासून तू कायम," मालक म्हणाले.

"ताई, झालं बघा काम!" म्हणत ती बाकावर कोसळली. मी पाय मांडीवर घेतला. पट्टा मांसात रुतला होता, बक्कल काही केल्या सुटेना. मी कात्री मागितली.

"कापू नका," मालक म्हणाले, "उद्या तिला तोच जोड घालायचाय."