भैरूच्या पेरूची चाचणी

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायची आमच्या घरात रीत आहे. तुम्हीही सोडा, हरकत नाही. फक्त कुठलं निम्मं ते बघून सोडा.

भैरू आणि मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं चाचणी विभागात होतो. मी शहरातला, तो धायरीच्या शेतकऱ्याच्या घरचा. शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका इमारतीत आता भैरूचं घर. आणि खाली पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधोमध, बापानं लावलेलं पेरूचं झाड.

यंदा थंडीत डॉक्टरांनी त्याचे उरलेसुरले दात काढले. कवळी तीन महिन्यांनी, तोवर पातळ खायचं. ज्या माणसानं जन्मभर ऊस दातांनी सोलला, त्याला पेज! महिन्यात नऊ किलो उतरला. मी भेटायला गेलो तेव्हा गॅलरीत बसला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून सुनेनं, शालूनं, त्याच्या मांडीवर वरवंटा ठेवला होता.

पण त्याचं दुःख वेगळंच होतं. तीन आठवड्यांवर नातीचं, शेफालीचं लग्न. तिच्या वरातीपुढं हलगी आपणच वाजवायची, असा शब्द भैरूनं ती पाळण्यात असताना दिलेला. आता हलगी खांद्याला अडकवली की हलगी जागेवर राही आणि भैरूच खाली येई.

"मामा, वाजवायला पोरं हाईत की," शालू म्हणाली. "तुमी आपलं गाडीत बसा."

"गाडीत बसून काय, हॉर्न वाजवू?" भैरू म्हणाला.

उपाय शेफालीनंच काढला होता. दूध, शेंगदाणे, खजूर, पेरू, सगळं एकत्र फिरवून स्मूदी. शालूनं घरच्या मिक्सरमध्ये करून दिली. पहिल्याच घोटाला पेरूची बी ताज्या हिरडीत रुतली आणि भैरूनं पेला खाली ठेवला तो ठेवलाच.

"मग पेरू वगळ," मी म्हटलं.

"माझ्या झाडाचा पेरू वगळू? बद्री, त्यापरास मलाच वगळ."

म्हणून आम्ही नारायण पेठेत कादंबरीबाईंच्या दुकानात ब्लेंडर घ्यायला गेलो. पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन असं सगळं तिथं मिळतं. फक्त हसू मिळत नाही.

"स्मूदीसाठी ब्लेंडर हवाय," मी म्हणालो.

"कोण पिणार?"

मी भैरूकडं बोट दाखवलं. बाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "मग घाई केली पाहिजे."

तीन ब्लेंडर काउंटरवर आले. पाचशे वॅट, आठशे वॅट आणि एक जाडजूड बाराशेचा.

"चाचणी केल्याशिवाय घेणार नाही," मी म्हटलं. "एकतीस वर्षं आम्ही एक गोळासुद्धा तसा पुढं सोडलेला नाही."

"मी गोळे विकत नाही. आणि फळं काय मी आणू?"

भैरूनं पिशवीतून तीन किलो गुलाबी गराचे पेरू काढले. मग खजूर, शेंगदाणे, दुधाची किटली.

"म्हैस बाहेर बांधलीय का?" बाईंनी विचारलं. पण बाई सच्च्या. पहिले दोन ब्लेंडर त्यांनी स्वतः लावून दाखवले. भैरूनं चमचाभर तोंडात घेतलं, हिरडीवरून सावकाश फिरवलं.

पहिल्याला म्हणाला, "बी हाय."

दुसऱ्याला म्हणाला, "बारीक हाय, पर हाय."

त्याचा चेहरा उतरला. उरला होता बाराशेचा एकच. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. "आता तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "अनुभवी आहात."

इथं घात झाला. आमच्या विभागाचा एकच नियम होता: कळ दाबायची आणि भिंतीमागं जायचं. चाचणी चाललेल्या वस्तूजवळ जो उभा राहतो त्याला पेन्शन मिळत नाही. भैरूनं भांडं काठोकाठ भरलं, वर झाकण नुसतं टेकवलं. मी बटण दाबलं, "हट!" म्हणून ओरडलो, आणि आम्ही दोघं वॉशिंग मशीनमागं कानात बोटं घालून बसलो.

"अहो, झाकण धरा!" बाई ओरडल्या म्हणे. आम्हाला कसं ऐकू येणार?

झाकण उडालं ते छताला लागलं. मागोमाग गुलाबी स्मूदी पंख्यात गेली आणि पंख्यानं ती प्रसादासारखी सगळ्यांना समान वाटली. रस्त्यावरून मेसला निघालेल्या अकरा विद्यार्थ्यांना जागच्या जागी मिशा फुटल्या. समोरच्या वळचणीवरची कबुतरं चाखायला आली, ती इतकी जड झाली की पायी परत गेली.

बाई अंबाड्यापासून चष्म्यापर्यंत गुलाबी. त्यांनी शांतपणे बटण बंद केलं. "झाली चाचणी? की अजून दारूगोळा शिल्लक आहे?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर माझं लक्ष भैरूकडं गेलं. तो मनगट चाटत होता. डोळे मिटून, जीभ हिरडीवरून इकडून तिकडं. मग कोपरापर्यंत चाटलं. मग दुसरा हात.

"बी?" मी हळूच विचारलं.

"न्हाय."

"नीट बघ, भैरू."

"बद्री, बी न्हाय. साल न्हाय. नुस्ता पेरू हाय रं!" आणि त्या बिनदातांच्या तोंडानं तो महिन्यात पहिल्यांदा हसला.

बाईंनी गालावरचा थेंब बोटानं टिपून जिभेला लावला. "खजूर कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "हाच बांधून देते. फडकी कोपऱ्यात आहेत. दोन आहेत, तुम्हीही दोघं आहात."

आम्ही छत पुसलं, पंखा पुसला, वॉशिंग मशीन मात्र भैरूला पुसावं लागलं नाही.

तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेले. झाडावर पेरू उरेना, शेजारी कुरकुरायला लागले. वरातीच्या दिवशी भैरूनं हलगी तापवली, खांद्याला अडकवली आणि काडी अशी काही पाडली की घोडा नवरदेवाला घेऊन ठेक्यात पावलं टाकायला लागला. सासरा पडेल या धास्तीनं शालू खुर्ची उचलून मागं मागं चालत होती. देवळापाशी मांडली, बसस्टॉपपाशी मांडली, चौकात मांडली. भैरू बसेना. शेवटी कार्यालयाच्या दारात शालूनं खुर्ची टेकवली, पदरानं घाम पुसला आणि स्वतःच बसली.

"वाजवा मामा," ती म्हणाली. "मी बसते."